एका ‘थ’साठी भांडणारे एल्फ: भाषा घडवणाऱ्या टॉल्किनची गोष्ट



फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांची यादी उघडा. इंग्रजीवर बोट ठेवलंत की बहुतेक फोनमध्ये आत आणखी एक यादी निघते: भारत, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे. मराठीपुढे मात्र एकच नाव असतं, भारत. संगणकाच्या जगात या प्रकाराला लोकेल म्हणतात. लोकेल म्हणजे भाषेचा कोड आणि प्रदेशाचा कोड यांची जोडी. मराठीसाठी ‘एमआर’, भारतासाठी ‘आयएन’. कीबोर्ड कुठला शब्द सुचवणार, कुठल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणार, तुमचा आवाज ऐकून काय टाईप करणार, यातलं बरंच काही या जोडीवरून ठरतं.

भाषांना कोड देणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६३९. त्याच्या तीन अक्षरी यादीत आपली अहिराणी आहे (एएचआर), वऱ्हाडी-नागपुरीही आहे (व्हीएएच). आणि बरं का, त्याच यादीत क्वेन्या (क्यूवायए) आणि सिंदारिन (एसजेएन) अशा दोन भाषा आहेत. या कुठल्याच देशात बोलल्या जात नाहीत. त्या एल्फ लोकांच्या भाषा. एल्फ म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले ते उंच, देखणे, कधी म्हातारे न होणारे लोक. ही दोन्ही भाषांची घरं एकाच माणसाने बांधली: जे. आर. आर. टॉल्किन.

मी हे का लिहितेय?

मी घाटकोपरला वाढले. आजोळ अंधेरी पश्चिमेला, वेसाव्याच्या कोळीवाड्यात. मेट्रोच्या पाटीवर वर्सोवा लिहिलेलं असतं, पण आजीसाठी ते वेसावेच. मागच्या दिवाळीत मी तिला बोलून टाईप करायला शिकवत होते. ती एक साधं वाक्य बोलली. फोनने भलतंच लिहिलं. ती पुन्हा बोलली, जरा सावकाश. पुन्हा भलतंच. मग तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली की आपल्याला नीट बोलता येत नाही.

ऐंशीच्या घरातली बाई, आयुष्यभर बाजारात मासळी विकलेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. तिला नीट बोलता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं? ते मला चांगलं माहीत होतं. ते शेवटी सांगते. त्याआधी टॉल्किनची गोष्ट, कारण माझं काय चुकलं ते मला त्याच्या गोष्टीतून कळलं.

आपली ‘च’ची भाषा, त्याची प्राण्यांची भाषा

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन गावात. वडील तिथे बँकेत होते. तो तीन वर्षांचा असताना आई मेबल त्याला आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला आली. वडील मागून येणार होते. ते आलेच नाहीत. १८९६ मध्ये आजारपणात ते तिकडेच गेले. आईने दोन मुलांना घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात घर केलं.

त्याची पहिली शिक्षिका आईच. लॅटिनची सुरुवात तिनेच करून दिली. १९०० मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि नातेवाइकांनी पैशाची मदत थांबवली. १९०४ मध्ये मधुमेहाने ती गेली. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा-अठरा वर्षं होती. टॉल्किन तेव्हा १२ वर्षांचा होता. पुढे फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी दोघा भावांचा सांभाळ केला.

लहानपणी तुम्ही ‘च’ची भाषा बोलला असाल. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च. ‘मला’चं ‘चलाम’, ‘काय’चं ‘चायक’. आमच्या चाळीत मोठ्यांपासून लपवायच्या सगळ्या गोष्टी याच भाषेत चालायच्या. टॉल्किनच्या दोन मावसबहिणींनीही अशीच एक भाषा काढली होती. तिच्यात प्राण्यांची आणि पक्ष्यांची नावं वेगळ्या अर्थाने वापरायची. तो ती शिकला. मग त्यातल्या एकीबरोबर दुसरी भाषा काढली, नेव्हबॉश. तिसरी त्याने एकट्यानेच बनवली, नाफारिन. तिच्यावर स्पॅनिशची छाप होती. याच वयात तो एस्पेरांतो शिकला. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये जगापुढे ठेवलेली ही भाषा अशी होती की सगळ्या जगाने ती सहज शिकावी.

आपण मोठे झालो की ‘च’ची भाषा सोडून देतो. त्याने सोडली नाही, एवढाच फरक.

गिरणीतल्या मुलाचा शब्दकोश

शाळेत असताना त्याच्या हातात एक जुनं पुस्तक पडलं, गॉथिक भाषेची ओळख करून देणारं. गॉथिक केव्हाच मेलेली भाषा. थोडीशी भाषांतरं सोडली तर तिचं काही उरलेलं नाही. टॉल्किन तिच्या प्रेमात पडला आणि जे शब्द उरले नाहीत ते कसे असतील, हे नियमांवरून शोधू लागला.

ते पुस्तक लिहिलं होतं जोसेफ राइट यांनी. यांची गोष्ट ऐकाच. यॉर्कशरमधला गरीब घरचा मुलगा, सहाव्या वर्षी कामाला लागला, नंतर लोकरीच्या गिरणीत गेला. लिहायला-वाचायला शिकला तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास. पुढे ऑक्सफर्डमध्ये भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. आणि मोठेपणी त्याने इंग्लंडभरच्या बोलींचा शब्दकोश केला. सहा खंड, १८९८ ते १९०५. शाळेत ज्या शब्दांसाठी मुलांना टोकलं जायचं, ते शब्द राइटनी गावोगावच्या लोकांकडून गोळा करून छापले.

टॉल्किन १९११ मध्ये ऑक्सफर्डला गेला आणि तिथे हेच राइट त्याला शिकवायला होते. तिथेच ग्रंथालयात त्याला फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं. वेल्श भाषेचं वेड तर लहानपणापासून होतं. घरामागून जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणींवर वेल्श गावांची नावं रंगवलेली असायची, ती वाचत तो मोठा झाला. पुढे क्वेन्याला फिनिशचा नाद मिळाला आणि सिंदारिनला वेल्शचा.

ठिपक्यांचा पासवर्ड

१९१५ मध्ये त्याने क्वेन्याचा शब्दकोश लिहायला घेतला. त्याच वर्षी पदवी पहिल्या वर्गात मिळवून तो सैन्यात गेला. पहिलं महायुद्ध चालू होतं. मार्च १९१६ मध्ये त्याने एडिथ ब्रॅटशी लग्न केलं आणि जूनमध्ये फ्रान्सला रवाना झाला.

सैन्यात त्याचं काम होतं सिग्नल ऑफिसरचं. म्हणजे त्या काळातली मोबाईल नेटवर्कची माणसं. झेंडे, दिवे, तारांचे फोन, मोर्स कोड आणि निरोप नेणारी कबुतरं. सैनिकांची पत्रं वरिष्ठ तपासायचे, त्यामुळे आपण कुठे आहोत हे घरी लिहायची सोय नव्हती. टॉल्किनने पत्रात ठिपक्यांचा एक गुप्त संकेत ठरवला. ठिपके पाहून एडिथला कळायचं की तो कुठल्या भागात आहे. ती घरी भिंतीवर नकाशा लावून त्याचा माग ठेवायची. आज आपण मेसेज एन्क्रिप्टेड आहे म्हणतो ना, ही त्याची घरगुती आवृत्ती.

सोमची लढाई त्याने पाहिली. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांच्या टोळीतला एक १ जुलैला, लढाईच्या पहिल्याच दिवशी गेला. दुसरा डिसेंबरमध्ये. टॉल्किन खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतला होता, म्हणून वाचला. त्या आजारपणात त्याने एल्फांच्या पहिल्या कथा लिहिल्या. त्याच्या डोक्यात क्रम असा होता: आधी भाषा, मग ती बोलणारे लोक, मग त्या लोकांचा इतिहास. आपल्याला वाटतं की गोष्टीसाठी भाषा बनवली. खरं तर भाषांना राहायला घर हवं म्हणून गोष्ट आली.

भाषा ‘जुनी’ कशी करायची?

नवी भाषा बनवणं म्हणजे शब्दांची यादी करणं, असं आपल्याला वाटतं. यादीने फार तर गुप्त संकेत तयार होतो. खरी भाषा एकाच वेळी सगळीकडे सारखी नसते. लोक स्थलांतर करतात, डोंगर-समुद्र मध्ये येतात आणि दोन-तीनशे वर्षांत एकाच शब्दाची दोन रूपं होतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. संस्कृतमधला ‘दीप’ मराठीत येईपर्यंत ‘दिवा’ झाला. ‘सपत्नी’ची ‘सवत’ झाली. दोन स्वरांमध्ये सापडलेला प मऊ होऊन त्याचा व झाला. हा कुणाचा आळस नव्हे. लाखो तोंडांतून एकाच पद्धतीने झालेला बदल आहे, म्हणजे नियमच आहे.

टॉल्किनने अगदी हेच केलं. एल्फांची सुरुवातीला एकच भाषा होती. काही जण समुद्र ओलांडून पश्चिमेला गेले, त्यांची झाली क्वेन्या. काही मागे राहिले, त्यांची झाली सिंदारिन. माणसासाठी क्वेन्यात ‘अतान’ आहे, सिंदारिनमध्ये ‘अदान’. स्वरांमधला त मऊ होऊन त्याचा द झाला. असा प्रत्येक शब्द त्याने नियमांच्या चाळणीतून काढला.

एवढ्यावर तो थांबला नाही. समुद्रापलीकडच्या एल्फांची तीन कुळं, आणि तिघांच्या बोलण्यात फरक. मागे राहिलेल्यांमध्येही जंगलातल्या राज्याची सिंदारिन वेगळी, उत्तरेची वेगळी, किनाऱ्यावर जहाजं बांधणाऱ्यांची वेगळी. हे वाचताना मला वेसावे आठवलं.

या फरकांमागे राजकारणही होतं. समुद्रापलीकडून परतलेल्या नोल्दोर कुळाने जहाजांसाठी आपल्याच भाऊबंदांचे खून केले होते. ते समजल्यावर राजा थिंगोलने त्यांच्या क्वेन्यावर आपल्या राज्यात बंदी घातली. मग रोजच्या व्यवहारात सिंदारिन आली आणि क्वेन्या ग्रंथांपुरती, समारंभापुरती उरली. आपल्याकडे संस्कृत जशी, तशी.

५ × ५ आणि ४ × ६

टॉल्किनने एल्फांसाठी लिपीही बनवली, तेंग्वार. रिंगवर कोरलेली ती वळणदार अक्षरं. आपल्याला ती चटकन कळते. आपल्याकडे क-च-ट-त-प असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. तेंग्वारची मुख्य २४ अक्षरं अशीच तक्त्यात बसतात: चार उभ्या रांगा उच्चाराच्या जागेनुसार, सहा आडव्या रांगा उच्चाराच्या पद्धतीनुसार. अक्षराचं पोट दुहेरी केलं की आवाज घोष होतो, म्हणजे त चा द. आणि क्वेन्यात स्वर व्यंजनाच्या डोक्यावर खूण म्हणून बसतात, आपल्या मात्रांसारखे.

फोनवर ही लिपी का दिसत नाही? जगातल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड. देवनागरीला तिथे १२८ जागांचा गट आहे. आपल्या मोडी लिपीला २०१४ मध्ये जागा मिळाली. तेंग्वारचा प्रस्ताव १९९७ मध्येच दिला गेला, पण अधिकृत जागा अजून नाही. चाहते युनिकोडमधला खासगी वापराचा भाग वापरतात. तिथे कुणीही आपली अक्षरं ठेवू शकतो, पण समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर त्याला नुसते रिकामे चौकोन दिसतात.

प्राध्यापकाला सापडलेली गोष्ट

युद्धानंतर टॉल्किनची पहिली नोकरी शब्दकोशात. १९१९-२० मध्ये तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीसाठी ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर काम करत होता. मग लीड्स विद्यापीठ, आणि १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

१९२९ मध्ये त्याने एक लेख छापला. विषय ऐकून जांभई येईल: मध्ययुगातल्या दोन धार्मिक हस्तलिखितांची भाषा. पण त्यातून निघालेली गोष्ट भारी आहे. १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन आली. समज असा होता की त्यानंतर इंग्रजी लिहिणं म्हणजे ज्याला जसं जमेल तसं, नुसता गावंढळ गोंधळ. टॉल्किनने दाखवलं की ही दोन हस्तलिखितं वेगवेगळ्या हातांची आहेत, तरी दोन्हींतलं शुद्धलेखन आणि व्याकरण बारीकसारीक गोष्टींतही जुळतं. याचा अर्थ पश्चिम मिडलंड्स भागात लोक आपल्या बोलीत शिस्तीने लिहायला शिकत होते. तिथे त्या प्रदेशाची स्वतःची प्रमाण भाषा होती. राजधानीची नव्हती, म्हणून ती गोंधळ ठरत नव्हती.

हा प्रदेश म्हणजे त्याच्या आईकडचा मुलूख. आई बारा वर्षांचा असताना गेली, पण तिच्या माणसांची भूमी त्याने आयुष्यभर आपली मानली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या रोहानच्या घोडेस्वारांना त्याने जुन्या इंग्रजीतली नावं दिली. ती देताना पाठ्यपुस्तकात असते ती दक्षिणेकडची रूपं न घेता त्याने बऱ्याच ठिकाणी याच मुलखाची जुनी रूपं घेतली. एक वर्ष आधी, १९२८ मध्ये, यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डच्या बोलीच्या एका शब्दसंग्रहाला त्याने प्रस्तावनाही लिहिली होती. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला कारखान्याच्या गावातल्या बोलीला प्रस्तावना लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

एका ‘थ’चं भांडण

‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आलं, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग १९५४-५५ मध्ये. टॉल्किन जगप्रसिद्ध झाला. पण म्हातारपणीही तो भाषांच्या टिपणांतच रमलेला असायचा. १९६८ च्या सुमारास, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्याने एक टिपण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १९९६ मध्ये मुलगा ख्रिस्तोफर याने छापलं. मला त्याचं सगळ्यात आवडतं लिखाण तेच.

नोल्दोर कुळाच्या बोलण्यात एक बदल होत होता. ‘थ’चा ‘स’ होत होता (हा थ इंग्रजी ‘थिंक’मधला). राजाची पहिली राणी मीरिएल. तिचं दुसरं नाव थेरिंदे, म्हणजे शिवणकाम करणारी. तिला आपला थ प्रिय होता. मुलगा फेआनोर जन्मला आणि काही काळाने तिने प्राण सोडला. राजाने दुसरं लग्न केलं. लोक थेरिंदेला सेरिंदे म्हणू लागले. नवी राणी ज्या कुळातली होती तिथे थ शाबूत होता, तरी नवऱ्याच्या लोकांत मिसळायचं म्हणून तिनेही स धरला.

फेआनोरला तो आईचा अपमान वाटला. तो आणि त्याचे मुलगे थ धरून राहिले. जो स म्हणेल तो आपला विरोधक. एका आवाजावरून राजघराणं दुभंगलं. गोष्टीत तेंग्वार लिपीही फेआनोरनेच तयार केली. तिच्यातल्या नवव्या अक्षराचं नाव ‘थूले’, आणि नंतरच्या लोकांच्या तोंडी तेच ‘सूले’.

यातलं कोण बरोबर? टॉल्किनच्या दृष्टीने थ जुना, एवढंच. स म्हणणारे अडाणी नव्हते, त्यांच्याकडे राज्य होतं. आणि थ म्हणणारा फेआनोर हट्टी असला तरी त्याच्या हट्टाच्या तळाशी आई होती. बारा वर्षांचा असताना आई गमावलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे लक्षात घेऊन वाचा.

आता आपला थ. तो आहे ‘ण’. मराठीत पाणी म्हणणारा सुशिक्षित आणि पानी म्हणणारा गावठी, ही वाटणी कुणी केली? एकोणिसाव्या शतकात शब्दकोश झाले, शाळा आल्या, पाठ्यपुस्तकं छापली गेली आणि पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांचं बोलणं प्रमाण ठरलं. सगळ्यांना एकमेकांचं लिहिलेलं कळावं म्हणून एक सामायिक भाषा लागते, त्यात चूक नाही. चूक तेव्हा होते जेव्हा बाकीच्या बोलण्याला आपण अशुद्ध म्हणतो. माझी आजी पानी म्हणते. डोळ्याला डोला, कोळ्याला कोली. सोडूनचं सोरून. ण चा न, ळ चा ल, स्वरांमधल्या ड चा र, आणि दर वेळी तसाच. दीपचा दिवा करणारी शिस्त आणि ही शिस्त एकाच जातीची.

तू आणि तुम्ही

आणखी एक गंमत. तिसऱ्या भागाच्या परिशिष्टात टॉल्किन सांगतो की त्याच्या जगातल्या सामायिक भाषेत आपल्यासारखीच तू आणि तुम्ही अशी दोन रूपं होती. पण हॉबिट लोकांच्या रोजच्या बोलण्यातून तुम्ही गळून गेलं होतं. पिपिन हा तरुण हॉबिट गोंडोर या मोठ्या नगरात पोचतो आणि तिथल्या सत्ताधीशाशी सरळ तू-तू करून बोलतो. सत्ताधीशाला मजा वाटते, नोकर चकित होतात. हा कुणी राजपुत्रच असला पाहिजे, अशी अफवा पसरते.

आजीही सगळ्यांना तू म्हणते. डॉक्टरला, बँकेतल्या साहेबाला, रिक्षावाल्याला. तिच्या बोलीत तो उद्धटपणा नाहीच. फरक इतकाच की पिपिनला लोकांनी राजपुत्र समजलं, आणि आजीकडे बघून लोक हसले.

टेपरेकॉर्डरपुढे बसलेला म्हातारा

१९५२ च्या उन्हाळ्यात टॉल्किन निराश होता. इतकी वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक छापायला कुणी तयार नव्हतं. तो एका मित्राकडे मॅलव्हर्नला राहायला गेला. मित्राकडे टेपरेकॉर्डर होता. टॉल्किनने असं यंत्र आधी पाहिलं नव्हतं. त्यात भूत असेल तर जावं म्हणून त्याने गमतीने आधी गॉथिक भाषेत येशूची प्रार्थना म्हटली. मग आपल्या पुस्तकातले उतारे वाचले आणि स्वतःचा आवाज ऐकला. ऐकून त्याला पुस्तकाबद्दल पुन्हा विश्वास वाटू लागला. ती रेकॉर्डिंग्ज आजही ऐकता येतात. १९६७ च्या एका ध्वनिमुद्रिकेवर त्याने एल्फ भाषेतल्या कविता म्हटल्या आहेत. क्वेन्याचा उच्चार कसा करायचा, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे त्या म्हाताऱ्याचा आवाज.

एडिथ १९७१ मध्ये गेली. टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी, ८१ व्या वर्षी. ऑक्सफर्डजवळ दोघांची एकच कबर आहे. तिच्यावर त्यांच्या नावांखाली त्याच्या गोष्टीतल्या प्रेमिकांची नावं आहेत, बेरेन आणि लूथिएन.

आणि आता माझी गोष्ट

मी पाचवीत होते. आजी घाटकोपरला आमच्याकडे राहायला आली होती. शाळेतल्या तीन मैत्रिणी घरी आल्या. आजीने त्यांना पानी हवंय का विचारलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मला लाज वाटली आणि मी मोठ्याने म्हटलं की आजी, पानी नाही, पाणी. आजी काही बोलली नाही. त्यानंतर माझ्या मैत्रिणी आल्या की ती ग्लास पुढे करायची आणि गप्प बसायची. फोनने तिला नापास केलं ते मागच्या दिवाळीत. मी ते पाचवीतच करून ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात मी मेट्रोने वेसाव्याला गेले. या वेळी बोलून टाईप करायचं उघडलंच नाही. नुसता रेकॉर्डर सुरू केला, फोन उशाशी ठेवला आणि माशांची नावं विचारली. पहिली पाच मिनिटं ती माझ्यासाठी जपून, पुस्तकी बोलत होती. ण वर जोर देत होती. ते ऐकणं मला जड गेलं. मग होड्यांचा विषय निघाला, आजोबांचा निघाला आणि ती तिच्या भाषेत परतली. ४० मिनिटांची फाईल आहे. त्यात पानी किती वेळा आलंय ते मी मोजलं नाही.

तुम्हीही हे करू शकता, आणि त्याला जास्त काही लागत नाही:

१. फोनमधला साधा रेकॉर्डर वापरा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन बोलणाऱ्याच्या जवळ. आधी परवानगी विचारा.

२. फाईलच्या नावात तारीख, गाव आणि बोली लिहा. दुसरीकडे एक प्रत ठेवा. फोन हरवतात.

३. लिहून काढताना जसं ऐकू आलं तसंच लिहा. कीबोर्डने सुचवलेलं ‘शुद्ध’ रूप घेऊ नका. कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घरचे शब्द भरा, म्हणजे लाल रेघ थांबेल.

४. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या प्रकल्पात मराठीही आहे. तिथे आपला आवाज दान करता येतो. फोन बोलणं समजायला शिकतो तो अशाच आवाजांवरून. त्यात फक्त एकाच तऱ्हेची मराठी असेल तर त्याला एकच तऱ्हा कळणार.

एका माणसाने नसलेल्या लोकांच्या बोलींमधला एका आवाजाचा फरकसुद्धा ७६ व्या वर्षी बसून लिहून ठेवला. आपले लोक तर आहेत. माझे वेसाव्यात आहेत. तुमचे मालवणात असतील, धुळ्यात, अमरावतीत किंवा मुलुंडच्या चाळीत. सुट्टीत भेटायला जाल तेव्हा फोन चार्ज करून न्या.